मॅटवर कोण उतरणार, हे आधी ठरवा

तक्रार बहुतेक वेळा निकालानंतरच येते. अडीच मिनिटांचं रूटीन पार पडलेलं असतं, मुली ट्रॉफी धरून फोटो काढत असतात, आणि दुसऱ्या जिमचं कोणीतरी आयोजकांच्या टेबलापाशी येऊन म्हणतं, "त्यांची ती फ्लायर या वयोगटात बसतच नाही." मग एकच धावाधाव. जन्मदाखला कुणाकडे आहे, जिमच्या कपाटात की आईच्या फोनमध्ये? गेल्या वर्षी नोंदणी कोणत्या नावानं झाली होती? तिथे उभ्या असलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला एव्हाना कळलेलं असतं की बोलणं आपल्याबद्दल चाललंय.

अमेरिकेत मुलांना स्पर्धात्मक चिअरला घालणारी मराठी घरं आता डॅलसपासून न्यू जर्सीपर्यंत भेटतात. आईवडील मुलीला आणायला-सोडायला जातातच, शिवाय बूस्टर क्लबात कामं करतात, नोंदणीच्या टेबलावर बसतात, कधी समितीवरही जातात. हे लिहिणं त्यांच्यासाठी आहे. भारतातल्या आजी-आजोबांना चिअर म्हटलं की आयपीएलच्या सीमारेषेजवळचा नाच आठवतो. नातीची स्पर्धा म्हणजे तो नाच नव्हे, हे त्यांना एकदा व्हिडिओ दाखवूनच पटवावं लागतं. कोलांट्या, उड्या, माणसाच्या हातांवर उभं केलेलं माणूस, त्याच्या वर पिरॅमिड, आणि या सगळ्याला गुण. या खेळाच्या जागतिक संघटनेला, आयसीयूला, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुलै 2021 मध्ये पूर्ण मान्यता दिली आहे.

पात्रतेचे नियम सगळ्याच खेळांत असतात, पण चिअरमध्ये ते राबवायला उशीर झाला तर वेगळी किंमत मोजावी लागते. कबड्डीत ऐन वेळी सातातला एक खेळाडू बसवावा लागला तर राखीव आत येतो. संघ कमजोर होतो, पण सामना होतो. इथे तसं जमत नाही. स्टंटच्या एका गटात साधारण चौघी असतात: दोन बेस, मागे एक बॅक स्पॉट आणि वर फ्लायर. कोणाची उंची किती, कोणाचा हात कोणत्या तालावर उचलतो, फ्लायर खाली येताना कोणाकडे झुकते, हे अनेक महिन्यांच्या सरावाने अंगवळणी पडलेलं असतं. सकाळी आठ वाजता "ही मुलगी अपात्र" असं कळलं आणि नवाला तिच्या जागी दुसरी उभी केली, तर पडणारी मुलगी ती अपात्र मुलगी नसते. वरची फ्लायर पडते. म्हणून या खेळात पात्रतेची तपासणी हा सुरक्षिततेचाही भाग आहे, आणि तिची वेळ स्पर्धेची सकाळ नव्हे, संघ बांधायला घेतल्याचा आठवडा आहे. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी एक प्रश्न विचारा: नियम कुणाचा? मुलगी शाळेच्या संघात असेल तर राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचे आणि स्कूल डिस्ट्रिक्टचे नियम लागू होतात. टेक्सासमध्ये ती संघटना यूआयएल. खासगी जिमच्या संघात, म्हणजे ऑल-स्टारमध्ये, असेल तर 2003 मध्ये स्थापन झालेल्या यूएसएएसएफ या ऑल-स्टारच्या संघटनेचा वयोगटांचा तक्ता आणि पातळ्या पाहायच्या. त्यावर स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे नियम असतात. देशाच्या संघाचा विषय निघाला तर आयसीयूचे वेगळे. एकाच मुलीवर एकाच हंगामात तीन नियमपुस्तकं लागू असू शकतात, आणि पालकांच्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच असतं की दोघं वेगवेगळ्या पुस्तकांतून बोलत असतात. शिवाय ही पुस्तकं हंगामागणिक बदलतात. मोठ्या मुलीच्या वेळी काय होतं यावर धाकटीची नोंदणी करू नका. त्या वर्षाचा तक्ता उतरवून घ्या, त्यावर तारीख टाका आणि कोचला ईमेलने विचारा. तोंडी "डोन्ट वरी, शी इज फाइन" हे उत्तर नव्हे.

आता कागद. आपल्या लोकांचं घोडं इथे नेमकं अडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पुण्यात, नाशिकला किंवा कोल्हापुरात जन्मलेल्या मुलीचा महापालिकेचा दाखला काढून पाहा. पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण रुग्णालयाने जन्म कळवला तेव्हा बारसं व्हायचं होतं. नाव नंतर घालून घेता येतं, पण ते घालायचं राहून जातं. पासपोर्ट निघतो, व्हिसा होतो, शाळा सुरू होते, आणि जिमने दाखला मागितला की कोरी जागा समोर येते. टेबलावरच्या स्वयंसेवकाला त्यात लबाडी दिसते. त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही दिसली असती. दुसरी गोष्ट नावाची. पासपोर्टात मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं, शाळेत फक्त पहिलं नाव आणि आडनाव, जिममध्ये मैत्रिणींनी पाडलेलं आखूड नाव. तीन कागदांवर तीन मुली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत चोरपावलांनी येते. आपल्या दाखल्यावर 09/08/2011 लिहिलं असेल तर ते 9 ऑगस्ट. अमेरिकेत तेच 8 सप्टेंबर वाचलं जातं. वयाची रेघ जिथे जन्मवर्षावर आखलेली आहे तिथे याने काही बिघडत नाही. पण जिथे 31 ऑगस्टसारखी तारीख धरली जाते तिथे मुलगी एका वाचनात रेघेच्या अलीकडे आणि दुसऱ्या वाचनात पलीकडे जाते. नोंदणीचा फॉर्म भरताना महिना अक्षरी लिहा. फॉर्ममध्ये तशी सोय नसेल तर सोबतच्या ईमेलमध्ये "नाइन्थ ऑगस्ट" असं स्पष्ट लिहून ठेवा. दाखला निव्वळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि नाव घालायचं राहिलं असेल तर पुढच्या भारतभेटीची वाट न पाहता आजोबांना अधिकारपत्र देऊन प्रभाग कार्यालयात पाठवा. कामाला किती वेळ लागेल ते आजोबाच तिथून कळवतील, बहुधा चहाच्या वर्णनासकट.

टेबलाच्या पलीकडे तुम्ही स्वतः बसला असाल तर हेच उलट बाजूनं लक्षात ठेवा. कागद परका दिसतो म्हणून तो खोटा ठरत नाही. जे चौकटीतल्या अमेरिकन दाखल्याला विचारता तेच मराठी, स्पॅनिश किंवा कोरियन दाखल्याला विचारा: जन्मतारीख कोणती, कागद देणारं कार्यालय कोणतं, दुसऱ्या एखाद्या अधिकृत कागदाशी ती तारीख जुळते का. आडनाव अनोळखी वाटलं म्हणून एकाच मुलीकडे पासपोर्ट मागायचा आणि बाकीच्या एकोणीस जणींचं जिमच्या शब्दावर भागवायचं, हा भेदभाव झाला. त्याला कुणी काटेकोरपणा म्हणू नये. सगळ्यांचे तपासा, नाहीतर चिठ्ठ्या काढून काहींचे तपासा आणि चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. एका संघाचे कागद दोघांनी पाहावेत, आणि त्या दोघांपैकी कुणाचंही मूल त्या गटात नसावं. पाहून झाल्यावर जन्मदाखल्याच्या प्रती पेटीत साठवून ठेवायची गरज नसते. "पाहिला, जुळला, तारीख अमुक" एवढी नोंद पुरते. लहान मुलांचे कागद जितक्या कमी हातांत फिरतील तितकं बरं.

दोन कागद ताडून पाहणं हा काही केवळ कारकुनी सोस नाही. सिडनी ऑलिम्पिकमध्ये 2000 साली चीनच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाने कांस्य मिळवलं. त्या वर्षात सोळा पूर्ण होणं ही किमान वयाची अट होती. संघातल्या डोंग फांगशियाओचं जन्मवर्ष नोंदणीत 1983 होतं. पुढे 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ती तांत्रिक अधिकारी म्हणून आली तेव्हाच्या तिच्या कागदांत 1986 निघालं. म्हणजे सिडनीत ती चौदा वर्षांची होती. एप्रिल 2010 मध्ये पदक काढून घेतलं गेलं आणि ते अमेरिकेच्या संघाला मिळालं, दहा वर्षं उशिरा, जेव्हा त्या मुली बायका झाल्या होत्या. वेळेवर कागद न ताडण्याचा फटका फसवणाऱ्यांइतकाच प्रामाणिक खेळणाऱ्यांनाही बसतो.

वय कमी दाखवण्याची गोष्ट अमेरिकेत कुणाला सांगावी लागत नाही. लिटल लीग बेसबॉलच्या 2001 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्राँक्सच्या संघाच्या डॅनी अल्मोंटेने एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नव्हतं. स्पर्धा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची. नंतर त्याचं खरं जन्मवर्ष 1989 नसून 1987 असल्याचं उघड झालं आणि संघाचे विजय रद्द झाले. शिक्षा मात्र कुणाला झाली ते बघा. मुलाच्या वडिलांवर आणि त्या लीगच्या संस्थापकावर आजीवन बंदी आली. मुलाला दोषी धरलं नाही. मला हा निवाडा अजून नमुनेदार वाटतो. विजय ठेवता येत नाही, कारण तो अपात्र खेळाडूच्या जोरावर मिळाला होता आणि समोरच्या मुलांचाही त्यावर हक्क होता. पण खोटा कागद लिहिणारा हात मोठ्या माणसाचा होता, तर बंदीही मोठ्या माणसावर.

चिअरच्या समित्यांनी हे दोन निर्णय वेगळे ठेवावेत. गुणांचा निर्णय आणि दोषाचा निर्णय एकाच बैठकीत, एकाच रागात घेतला की वीस मुलींना लबाड ठरवून घरी पाठवलं जातं. अपात्र मुलगी मॅटवर होती, तर संघाचा क्रमांक जाणार. यात दया दाखवायला जागा नाही, आणि मी पालक असतो तरी मागितली नसती. पण पुढच्या हंगामात त्या मुलींना खेळू न देण्याचं कारण उरत नाही. दोष ठरवताना तीन प्रकार ओळखा. तारीख उलटी वाचली गेली, ही चूक. दुरुस्ती आणि ताकीद पुरे. कोचला शंका होती आणि त्याने विचारलं नाही, हा निष्काळजीपणा. कोचला काही काळ बाहेर बसवा. कागद बदलला गेला, ही फसवणूक. जिमच्या मालकापर्यंत जा. आधी ठरवून छापून ठेवलेल्या शिक्षा असतील तर ऐन प्रसंगी कुणाचा चेहरा बघावा लागत नाही.

वयाइतकीच, किंबहुना जास्त, कटकट पातळीवरून होते. ऑल-स्टारमध्ये संघ कौशल्याच्या पातळीनुसार खेळतात. पाचव्या पातळीचं टम्बलिंग येणाऱ्या मुली तिसऱ्या पातळीवर उतरवून सहज ट्रॉफी नेण्याला तिकडे सँडबॅगिंग म्हणतात. इथे जन्मदाखल्यासारखा एक कागद नसतो, म्हणून शंका भरपूर आणि पुरावा थोडा. एखादी मुलगी दुखापतीनंतर एक पातळी खाली आली असेल. एखादी वरच्या पातळीचं टम्बलिंग करते पण स्टंटमध्ये कच्ची असेल. प्रेक्षागारातून हे कळत नाही. म्हणून पातळीबाबत आयोजकांनी फक्त लिहिलेला नियम पाहावा: त्या हंगामात मुलगी आणखी कोणत्या संघातून उतरली, आणि तसं दोन संघांत उतरायला परवानगी होती का. "ती जरा जास्तच चांगली आहे" ही तक्रार नोंदवून घेण्यासारखी नाही.

जिम बदलण्याचा मुद्दा थोडक्यात. हंगामाच्या मध्यात मुलगी दुसऱ्या जिममध्ये गेली तर जुन्या जिमचं रिलीज लागू शकतं. फीची थकबाकी आहे म्हणून ते अडवून धरल्याचे किस्से पालकांच्या तोंडी असतात. पैशाचा वाद पैशाच्या वाटेने सोडवावा, पोरीला ओलीस धरू नये. पण पालकांनीही करारातलं ते पान सही करण्याआधी वाचावं. जिम सोडायची तर हंगाम संपल्यावर, ट्रायआउटच्या आधी सोडा. मग हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.

शाळेच्या संघात पात्रता म्हणजे गुणपत्रिकाही. टेक्सासमध्ये 1984 पासून "नो पास, नो प्ले" हा कायदाच आहे: ठरलेल्या मूल्यमापनात एका विषयात 70 पेक्षा कमी पडले की विद्यार्थी स्पर्धेतून बाहेर. 1995 मध्ये नियम सैल झाला, आता तीन आठवड्यांनी गुण सुधारले असतील तर परतता येतं, आणि मधल्या काळात सराव चालू ठेवता येतो. आपल्याकडचे पालक मुलीला एपीचे चार विषय एकदम घ्यायला लावतात आणि मग ऑक्टोबरमध्ये हे बंधन अंगावर येतं. ठरावीक प्रगत विषयांना या नियमातून सवलत मिळू शकते, कोणत्या विषयांना ते डिस्ट्रिक्टच्या यादीत असतं. ती यादी विषय निवडतानाच मागा. ही सवलत कुणाला दिली आणि कुणाला नाही यावरून संघात कुजबुज होते. त्यावर उपाय एकच, यादी सगळ्या पालकांना हंगामाच्या सुरुवातीला पाठवणं.

गुणांच्या पलीकडे वागणुकीच्या अटी येतात, आणि तिथे शाळा कधी कधी फार लांब हात घालतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यार्थिनीला 2017 मध्ये मुख्य चिअर संघात जागा मिळाली नाही. शनिवारी, शाळेबाहेर, तिने रागाच्या भरात स्नॅपचॅटवर शिवीगाळ करणारी पोस्ट टाकली. शाळेने तिला वर्षभरासाठी कनिष्ठ संघातून काढलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून 2021 मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल तिच्या बाजूनं लागला. शाळेला शाळेबाहेरच्या बोलण्यावर कधीच काही करता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं नाही. दमदाटी, धमक्या यांत शाळेला अधिकार राहतो. पण एका चिडक्या पोस्टसाठी संघातून काढायला तो अधिकार पुरत नाही. निकाल शासकीय शाळांबाबत आहे हेही लक्षात घ्या. खासगी जिममध्ये तुम्ही सही केलेला करार चालतो.

आणि आईबापांच्या वागण्याचं काय? ह्यूस्टनजवळच्या चॅनलव्ह्यूची 1991 मधली बातमी तिथे जुन्या लोकांना अजून आठवते. मुलीच्या प्रतिस्पर्धी मुलीच्या आईचा काटा काढण्याचा कट केल्याबद्दल एक आई पकडली गेली. त्याआधीची छोटी गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे: चिअरलीडरच्या निवडणुकीत याच आईने मुलीच्या प्रचारासाठी पट्ट्या आणि पेन्सिली वाटल्या, ते नियमात नव्हतं, आणि त्यापायी मुलगीच अपात्र ठरली. पुढच्या गुन्ह्याचं समर्थन कुणी करणार नाही. पण आईच्या चुकीसाठी मुलीला बाद करण्याची ती सवय मात्र शाळांमधून पूर्ण गेली असं म्हणवत नाही.

तक्रार करायचीच झाली तर ती कशी करावी? नियमाचा क्रमांक लिहा, तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलं ते लिहा, ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा, खाली स्वतःचं नाव घाला आणि ती फक्त आयोजकांच्या नेमलेल्या माणसाकडे द्या. कळलं त्याच दिवशी द्या. जानेवारीत लक्षात आलेली गोष्ट एप्रिलमध्ये, समोरचा संघ जिंकल्यावर काढणाऱ्याचा हेतू कुणीही ओळखतो. आयोजकांनी अशा राखून ठेवलेल्या तक्रारींना मुदतीची अट घालावी. फोर्जरीचा पुरावा असेल तर मुदत लागू नसावी, एवढा अपवाद पुरे. मुलीचा फोटो, तिच्या शाळेचं नाव, तिच्या वाढदिवसाच्या जुन्या इन्स्टाग्राम पोस्टचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. त्या गटात दोनशे माणसं असतात आणि त्यांतल्या एकालाही निर्णयाचा अधिकार नसतो.

तक्रार तुमच्या मुलीबद्दल आली तर आधी लेखी मागा: कोणता नियम, कोणती तारीख, उत्तराची मुदत किती. कागद द्या, पण मूळ कागद हातातून सोडू नका. चौकशीत मुलीला एकटीला बसवू देऊ नका. आणि चौकशी करणाऱ्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या जिमचा मालक बसला असेल तर तसं लेखी कळवा. चिअरचं जग लहान आहे, हे खरोखर घडतं. निर्णय स्पर्धेआधी होत नसेल तर संघाला खेळू देऊन निकाल राखून ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, कारण स्टंटचा गट मोडत नाही. फक्त ते आधी सगळ्या संघांना जाहीर झालं पाहिजे, आणि राखलेला निकाल पंधरा दिवसांत लागला पाहिजे.

राहिली पैशाची बाजू. मुलगी अपात्र ठरली तर स्पर्धेची फी, गणवेश, ऑर्लँडोची हॉटेलं यांतलं काय परत मिळेल, हे बहुतेक करारांत कोचच्या चुकीसाठी आणि पालकांच्या चुकीसाठी वेगळं लिहिलेलं नसतं. सही करण्याआधी ते लिहून मागा: कागद आम्ही वेळेवर आणि खरे दिले असतील, आणि वयोगट जिमने चुकीचा निवडला असेल, तर फी परत. चांगली जिम हे वाक्य घालायला तयार होते. जी होत नाही तिने नोंदणीची अंतिम तारीख कोणती ठेवली आहे आणि कागद कधी तपासते, ते त्याच भेटीत विचारून घ्या.